लोकप्रतिनिधी कुणाचे मीठ खातो?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या कार्यक्रमात धम्मावर बोलणारे अधिकारी वक्ते आधी बोलून गेले आहेत. त्यांच्यानंतर आम्ही पुन्हा तेच बोलावे, हे बरे दिसणार नाही. समितीने आम्हाला 'संविधान आणि आपले लोकप्रतिनिधी' असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे आणि जेवणाची वेळही होत आली आहे, म्हणून त्यातला एकच धागा आम्ही धरणार आहोत. आमदार-खासदारांना पगार असावा का, असावा तर किती, आणि तो वाढवून मागण्याचा त्यांना हक्क आहे का? तुम्ही म्हणाल, विहारात पगाराच्या गोष्टी कशाला? पण या प्रश्नाशी आपल्या समाजाचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे शेवटपर्यंत ऐकल्यावर आपणच ठरवा.

आमदार-खासदारांचा पगार वाढल्याची बातमी आली की चहाच्या टपरीपासून एस.टी. स्टँडपर्यंत सगळीकडे एकच सूर निघतो. "यांना कशाला पाहिजे पगार? आधीच गडगंज आहेत, फुकटात सेवा करायला काय होतं?" हा राग विनाकारण आलेला नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. आकडे बघा. १९५४ साली खासदारांच्या पगाराचा कायदा झाला, तेव्हा महिना ४०० रुपये पगार आणि अधिवेशनाच्या दिवशी २१ रुपये भत्ता होता. २०१० साली पगार १६ हजारांवरून एकदम ५० हजारांवर गेला. त्या वेळी खासदारांच्या समितीची शिफारस होती ८०,००१ रुपयांची! वरचा एक रुपया कशासाठी? तर केंद्र सरकारच्या सचिवाला ८० हजार मिळतात, त्याच्यापेक्षा खासदार एक रुपयाने तरी मोठा दिसला पाहिजे, यासाठी. २०१८ मध्ये पगार एक लाख झाला आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो आपोआप वाढेल अशी सोय झाली. त्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये तो १ लाख २४ हजार झाला, आणि तोही १ एप्रिल २०२३ पासूनच्या फरकासह. रोजचा भत्ता दोन हजारांचा अडीच हजार झाला. माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजारांवर गेली.

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या पगारवाढीचे विधेयक विधिमंडळात आले आणि चर्चेविना मंजूर झाले. सुमारे ७५ हजारांचे एक लाख सत्तर हजारांच्या घरात गेले. एरवी एका ओळीवरून सभागृह डोक्यावर घेणारे सगळे पक्ष त्या दिवशी सख्ख्या भावांसारखे शेजारी बसले होते. आणि याच राज्यात निराधार विधवेचे, म्हाताऱ्याचे अनुदान महिना एक हजाराचे दीड हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. तेव्हा लोकांना राग आला तर त्यात नवल नाही. राग यायलाच पाहिजे.

परंतु बंधू-भगिनींनो, या रागातून लोक जो निष्कर्ष काढतात तो आम्हाला मान्य नाही. "पगारच बंद करा, देशसेवा फुकट करावी," असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा निदान आपल्या समाजाने तरी टाळी वाजवण्याआधी दोनदा विचार करावा. फुकट सेवा म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. गावाची सेवा फुकटच चालली होती ना? सरकारी टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, रात्री-अपरात्री परगावी सांगावा घेऊन जायचे, आणि त्याबद्दल काय? तर वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेले बलुते. त्याला गाव 'मान' म्हणत होते! त्या मानाला बाबासाहेबांनी वेठबिगार म्हणून ओळखले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. कामाचा मोबदला ठरलेला असावा, तो रोख असावा, आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर नसावा, हा त्या लढ्याचा गाभा होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षे गेली होती. ज्या समाजाने बिनपगारी सेवेचे जोखड मानेवरून फेकून दिले, त्याने 'फुकट सेवा' या शब्दाला सहजासहजी भुलू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुसऱ्या देशात काय झाले ते पाहू, कारण हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा उभा राहिला असे नाही. इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या सभासदांना पगार नव्हता. ते म्हणत, सभासद म्हणजे सद्गृहस्थ, त्याला पगाराची काय जरूर! याचा सरळ अर्थ असा की ज्याच्याकडे जमीन, गिरणी किंवा बापजाद्यांचा पैसा आहे त्यानेच कायदे करावेत. तिथल्या कामगारांनी १८३८ साली 'लोकांची सनद' काढली. तिच्यात सहा मागण्या होत्या आणि त्यांतली एक होती, सभासदांना पगार द्या. नीट लक्ष द्या, ही मागणी पुढाऱ्यांनी केलेली नव्हती. मतदानाचा हक्कही नसलेल्या कामगारांनी ती केली होती. आपला माणूस तिथे पाठवायचा तर त्याची चूल पेटती राहिली पाहिजे, हे त्यांना कळत होते.

१८९२ साली केअर हार्डी नावाचा माणूस पार्लमेंटवर निवडून आला. लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस. पुढे कामगार संघटना आपल्या निधीतून आपल्या सभासदांचा खर्च चालवू लागल्या. पण १९०९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की संघटनांना यासाठी पैसा वापरता येणार नाही. झाले, कामगारांचे प्रतिनिधी उघडे पडले. तेव्हा १९११ साली सरकारी तिजोरीतून वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला. सनद निघाली १८३८ ला आणि पगार सुरू झाला १९११ ला, म्हणजे ७३ वर्षे गेली. श्रीमंतांचे सभागृह गरिबांसाठी दार उघडायला किती वेळ लावते, हे यावरून समजते.

आता आपल्या घरात येऊ. १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या आणि खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की सरकारी सेवकाचा पगार साधारणपणे ५०० रुपयांपेक्षा जास्त नसावा. त्यानुसार मंत्र्यांना महिना ५०० रुपये पगार ठेवणारे विधेयक आले. सगळीकडे त्यागाची वाहवा झाली. त्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब बसले होते. ते स्वतः मजुरांचे, अस्पृश्यांचे प्रतिनिधी. पुष्कळांना वाटेल की गरिबांचा पुढारी कमी पगाराला पाठिंबा देणार. पण बाबासाहेब वाहवा करणाऱ्यांत सामील झाले नाहीत. त्यांनी प्रश्न केला की पगार ठरवताना कसोटी कोणती? त्यांनी चार कसोट्या पुढे ठेवल्या : समाजातील राहणीमान, कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची सचोटी. आकडा लहान केला की देशभक्ती मोठी होते, हा हिशेब त्यांनी मान्य केला नाही.

या चार कसोट्यांतली 'लोकशाही' ही कसोटी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिचा अर्थ आम्ही असा लावतो : ते पद कुठल्याही घरातल्या माणसाला पेलता आले पाहिजे. बापाची इस्टेट असलेल्याला पाचशे काय आणि शून्य काय, सारखेच. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्याला तो पगार पुरतो का, हे पाहून पगार ठरवायचा असतो. पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते, आणि त्या संविधानात खासदारांसाठी अनुच्छेद १०६ व आमदारांसाठी अनुच्छेद १९५ आहे. पगार आणि भत्ते कायद्याने ठरतील, असे त्यांत लिहिलेले आहे. म्हणजे लोकप्रतिनिधीचा पगार ही कुणाची मेहेरबानी नाही.

इथे एखादे उपासक शंका काढतील, आणि शंका रास्त आहे. ते म्हणतील, "भिक्खू संघाला कुठे पगार होता? तरी संघाने लोकांचे कल्याण केलेच ना?" बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संविधान सभेला सांगितले होते की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय नियम बुद्धकाळच्या संघाला माहीत होते. मग संघाची निरिच्छता आमदारांनी का घेऊ नये? याला आमचे उत्तर असे की भिक्खूला संसार नसतो. आमदाराला बायको, लेकरे, म्हातारे आईबाप असतात, लेकराची फी असते. आणि दुसरे असे की, भिक्खूंचा भार कुणीच उचलत नव्हते असे नाही. चीवर, भोजन, निवारा आणि औषध या चार गरजा उपासकांनी भागवायच्या, हे ठरलेलेच होते. सगळ्यांच्या दारातून थोडे थोडे येत असे, म्हणून संघ कुणा एका शेठजीचा बांधील नव्हता. जो लोकांसाठी राबतो त्याचे पोट लोकांनी भरावे, हे तत्त्व तिथेही आहेच. उलट 'सम्मा आजीव', म्हणजे शुद्ध उपजीविका हे अष्टांगिक मार्गातले एक अंग. ज्याला उपजीविकाच नाही त्याला शुद्ध उपजीविका पाळ म्हणून सांगणे सोपे, पण त्याने ती पाळावी कशी?

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे म्हणतात, ज्याचे मीठ खावे त्याला जागावे. लोकप्रतिनिधीही माणूसच. त्याचे घर कशावर तरी चालणारच. लोकांनी दिलेल्या पगारावर चालले नाही, तर ठेकेदाराच्या पाकिटावर चालेल, कारखानदाराच्या गाडीत पेट्रोल टाकून चालेल, वाळूवाल्याच्या हप्त्यावर चालेल. मग सभागृहात हात वर करायची वेळ येते तेव्हा तो कुणाकडे बघून हात वर करील? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याकडेच! आपण पगार दिला नाही म्हणजे आपले पैसे वाचले, असे होत नाही. दुसऱ्या कुणीतरी ते दिलेले असतात, आणि तो ते व्याजासकट आपल्याकडूनच वसूल करतो, रस्त्यातल्या खडीतून आणि शाळेच्या गळक्या छपरातून.

"पण साहेब, ते तर सगळे करोडपती आहेत!" हो, आहेत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून हिशेब केला आहे. २००९ च्या लोकसभेत शेकडा ५८ खासदार करोडपती होते, २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ५०४, म्हणजे शेकडा ९३. पण हा आकडा पगाराच्या विरुद्ध जातो, असे आम्हाला वाटत नाही. तो आपल्याला सांगतो की गरीब माणूस त्या दारातून आत जाणेच बंद होत आले आहे. हे दार पगाराने एकट्याने उघडणार नाही, हेही तितकेच खरे. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांपर्यंत खर्च करायची कायदेशीर मुभा आहे. १ लाख २४ हजार पगार पाच वर्षे घेतला, घरात एक पैसाही खर्च केला नाही, तरी होतात ७४ लाख ४० हजार. म्हणजे पाच वर्षांच्या पगारात मुभेएवढा खर्चसुद्धा निघत नाही. मुभेच्या बाहेर किती उधळतात, ते आपण गल्लीत बघतोच. तेव्हा पगार वाढवा की भ्रष्टाचार आपोआप जाईल, असे सांगणारेही आपल्याला फसवतात. सिंगापूरने १९९४ मध्ये मंत्र्यांचे पगार खाजगी क्षेत्रातल्या बड्या मिळकतींशी जोडले. जगात त्यांच्याइतका पगार क्वचितच कुणाला असेल. तरी तिथल्या एका माजी मंत्र्याला २०२४ मध्ये महागड्या भेटी स्वीकारल्याच्या आणि न्यायकामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्यांत बारा महिन्यांची कैद झाली. हावरटाला पगार पुरत नाही. पगार ठेवायचा तो प्रामाणिक गरिबाला पदावर टिकून राहता यावे म्हणून.

आणि असा प्रामाणिक गरीब आज कुठे आहे? तो संसदेत फारसा नाही. तो ग्रामपंचायतीत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, राखीव जागांवर आपली माणसे पंचायतीत बसू लागली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. आमच्या पाहण्यातली एक भगिनी राखीव जागेवर सदस्य म्हणून निवडून आली. रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मासिक सभा ठेवतात ऐन खुरपणीच्या दिवसांत, भर अकरा वाजता. सभेला जावे तर त्या दिवशीचा खाडा पडतो. चार खाडे झाले की मुकादम म्हणतो, "तू आता मेंबरीण बाई झालीस, आमच्याकडे येऊ नको." मग काय होते? शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन तिच्या घरी येतो, संध्याकाळी चुलीपुढे ती सही करते. ठराव काय झाला, तिला माहीत नसतो. दलित वस्तीचा निधी कुठल्या रस्त्याला गेला, तिला माहीत नसते. ज्यांना खाडा पडत नाही ते लोक तो ठराव करून मोकळे झालेले असतात. तिच्या पदाला बाबासाहेबांच्या संविधानाचे संरक्षण आहे, पण तिच्या त्या दिवसाच्या मजुरीला कुणाचेच नाही. ही त्या भगिनीची चूक आहे का?

आता आकडे शेजारी ठेवून बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दुप्पट म्हणजे किती? दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात तीन हजारांचे सहा हजार. दिवसाला पडले दोनशे रुपये. आणि रोजगार हमीच्या कामावरचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ या वर्षासाठी ठरला होता ३१२ रुपये. म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या बाईला पाझर तलावाच्या मातीकामापेक्षा कमी! खासदाराचा एका दिवसाचा भत्ता अडीच हजार, म्हणजे मजुराची आठ दिवसांची मजुरी. शब्दसुद्धा बघा. वरच्याला 'वेतन' आणि खालच्याला 'मानधन'. मान द्यायचा आणि धन मात्र राखून ठेवायचे. बलुत्याच्या वेळी मानाची जी गोष्ट सांगितली, तीच ही.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. लोकप्रतिनिधीला पगार पाहिजे, आणि ज्याला दुसरी मिळकत नाही त्याचा संसार नीट चालेल एवढा पाहिजे. पण त्याला चार अटी पाहिजेत.

पहिली अट, स्वतःचा पगार स्वतः ठरवू नये. मजुराने स्वतःच्या हाताने मस्टर भरले तर मुकादम चालू देईल का? इंग्लंडमध्ये २००९ साली सभासदांच्या खोट्या-फुगवलेल्या खर्चाच्या भानगडी बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी कायदा करून एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले. पगार आणि खर्च तेच ठरवते, सभासदांच्या हातात ते ठेवलेले नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र आयोग केंद्रात आणि राज्यात नेमायला काय हरकत आहे? आणि त्या आयोगाने आमदाराचा पगार ठरवताना त्याच टेबलावर सरपंचाचा आणि पंचायत सदस्याचाही ठरवावा.

दुसरी अट, वाढ झाली तर ती पुढच्या सभागृहापासून लागू व्हावी. अमेरिकेच्या संविधानात अशी दुरुस्ती आहे, १७८९ साली सुचवलेली आणि १९९२ साली मंजूर झालेली. मधे निवडणूक झाल्याशिवाय वाढ हातात पडत नाही. वाढ करणाऱ्याला आधी मतदारापुढे उभे राहावे लागते. आपल्याकडे मात्र मागच्या तारखेपासून फरक मिळतो!

तिसरी अट पेन्शनची. पाच वर्षे काय, त्याहून कमी दिवस सभासद राहिले तरी माजी खासदाराला जन्मभर पेन्शन, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य सरकारच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद! त्यासाठी मार्च २०२३ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. माजी खासदारांच्या पेन्शनला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. तेव्हा हा प्रश्न कायदे करणाऱ्यांनीच सोडवायचा आहे. पंजाबने २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा केला, कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकच. पंजाबला जमते ते आपल्याला का जमू नये?

चौथी अट, वाढीची सुरुवात खालून करा. पंचायत सदस्याला सभेच्या दिवसाची निदान एक पूर्ण मजुरी रोख मिळाली पाहिजे, आणि सभा संध्याकाळी घेतली पाहिजे. याला फार मोठे बजेट लागत नाही, मनात असावे लागते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. खासदार निधी, आमदार निधी म्हणजे त्यांचा पगार नाही. १९९३ साली खासदार निधी सुरू झाला, तो आता वर्षाला पाच कोटी आहे. तो खासदाराच्या हातात येत नाही. तो कामे सुचवतो आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. समाजमंदिराच्या भिंतीवर अमुक साहेबांच्या नावाची पाटी लागते, तिथे साहेबांच्या खिशातला एक रुपया नसतो. पैसा तुमचा-आमचा. तेव्हा त्यासाठी मिंधे होऊ नका.

आता शेवटी थोडे कडू बोलणार आहोत, राग मानू नका. लोकप्रतिनिधीचा पगार कुठे जातो, हे आपल्यालाही विचारले पाहिजे. लग्न असले की आहेर त्याच्याकडून, क्रिकेटचे सामने असले की ढाल त्याच्याकडून, जयंती आली की पावतीपुस्तक पहिल्यांदा त्याच्या दारात! डीजेचे पैसे त्याने द्यायचे, मंडपाचे त्याने द्यायचे, कमानीवर फोटो त्याचा. एवढे सगळे १ लाख २४ हजारांत बसते का? बसत नाही. मग ते कुठून येते, हे मंडळाच्या पोरांना कळत नाही असे नाही. ज्या पुढाऱ्याला आपण महिनाभर खिसा रिकामा करायला लावतो, त्याने तो भरताना आपल्याला विचारावे, ही अपेक्षा खोटी आहे. आणि ज्या मंडळाने त्याच्याकडून पन्नास हजार घेतले, ते मंडळ त्याला वस्तीच्या नळाबद्दल जाब कसे विचारणार? मिठाची गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी आहे. जयंती आपल्या घामाच्या वर्गणीतून करा. घरटी दहा-वीस रुपये निघाले तरी चालतील, मिरवणूक लहान झाली तरी चालेल. बाबासाहेबांना लहान मिरवणुकीचा कमीपणा वाटणार नाही, मिंध्या मिरवणुकीचा वाटेल.

१९५६ साली, शेवटच्या आजारपणातही, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा काढली होती. कायदेमंडळात जाणारा माणूस शिकलेला, तयारीचा असावा, ही त्यांची तळमळ होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकहून लोकसभेवर गेले, नंतर राज्यसभेवर गेले, आणि भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रहातही पुढे राहिले. अशी माणसे उद्या पुन्हा तयार व्हायची असतील तर त्यांना दोन गोष्टी लागतील : लोकांनी दिलेला स्वच्छ पगार, आणि त्या पगाराचा हिशेब मागणारे लोक. एक दिले आणि दुसरे दिले नाही, तर काही उपयोग नाही.

म्हणून विहार समितीला आमची नम्र सूचना आहे. दरवर्षी वर्षावासात एक रविवार ठरवावा. आपल्या भागातून निवडून गेलेल्या प्रत्येकाला, मग तो पंचायतीचा सदस्य असो, नगरसेवक असो की आमदार, याच विहारात बोलवावे. हारतुरे नकोत. त्याला बसायला सतरंजी द्यावी आणि चार प्रश्न विचारावेत : किती सभांना हजर होता, काय बोललात, कशावर हात वर केलात, आणि तुमचे घर कशावर चालते? आणि ज्या भगिनींचा सभेमुळे खाडा पडतो, त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय सरकार करीपर्यंत दानपेटीतून करता येईल का, याचा समितीने पुढच्या बैठकीत विचार करावा. फार पैसे लागणार नाहीत. वर्षाला बारा सभा आणि आपल्या वस्तीच्या दोन सदस्या, एवढाच हिशेब आहे.

 भोजनदानाची वेळ झाली आहे, माता-भगिनींना अधिक ताटकळत ठेवत नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम, जय भारत!